गोठ्याशेजारची पिकअप आखाजीपर्यंत रस्त्यावर येईल का?

यावल तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय. वडिलांनी १९९४ मध्ये घेतलेली महिंद्राची पिकअप अकरा वर्षांपासून गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. केळी आणि कापूस वाहून तिनं घर उभं केलं. आता वडील म्हणतात, भंगारात देऊन टाक. आणि रोज सकाळी गोठ्याकडे जाताना स्वतःच बोनेटवर हात ठेवून पुढे जातात. भावाला ती घरीच, जमेल तेवढी स्वतःच्या हातानं, नीट करायची आहे. जवळ दीड लाख आहेत. इंजिन कुठलं ते माहीत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वडिलांना शेजारी बसवून गावातून चक्कर मारायची आहे. प्रश्न दोन: रंग कुठला मारू, आणि सुरुवातीलाच गाडी पूर्ण खोलून टाकू का?

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते चुकलं तर रंगाची वेळच येणार नाही. पूर्ण खोलू नका.

धुळ्यात माझं गॅरेज आहे. आग्रा रोड आणि सुरत रोड जिथे एकमेकांना छेदतात त्या गावात मेकॅनिकला कामाची कमी नसते, त्यामुळे तीस वर्षांत हात बराच काळा झालाय. पण घरची, स्वतःच्या हौसेची पहिली गाडी मी वाया घालवली होती. तीही पिकअपच. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबंद जमले, उत्साह होता, चार दिवसांत केबिन उतरवली, मागचा मालाचा हौदा उतरवला, इंजिन बाहेर, चेसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा विटांवर. सगळे नटबोल्ट एका तेलाच्या डब्यात. मग घरात लग्न निघालं, मग पेरणी आली, मग गिऱ्हाइकांच्या गाड्या. चार वर्षं ती चेसिस तशीच पडून होती. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. परत हात घातला तेव्हा केबिनखालचे रबर पॅकिंग कुणीतरी कचऱ्यात टाकलेले आणि गियरची दांडी भंगारवाल्याकडे गेलेली. डब्यातला कुठला बोल्ट कुठला, हे माझं मलाच सांगता येईना. शेवटी गाडी वजनावर विकली.

तेव्हापासून घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच अट घालतो: गाडी चाकांवर राहिली पाहिजे आणि चार माणसांनी ढकलली तर हलली पाहिजे. एक भाग उघडायचा, तो पूर्ण करून बंद करायचा, मग पुढचा. पुढची दोन चाकं झाली की मागची. शोरूमसारखं काम हवं असेल तर केबिन उतरवून चेसिस उघडी करणं बरोबरच आहे, मोठ्या गॅरेजात तसंच करतात. पण त्यांच्याकडे पक्की फरशी, चेन ब्लॉक आणि रोजच्या पगाराची माणसं असतात. तुमच्याकडे गोठ्याशेजारची जागा आणि रविवार आहेत. उघड्या चेसिसवर धूळ बसायला लागली की माणसाचं मन उडतं. स्वतः सुरू होणारी गाडी मात्र तुम्हाला परत शेडकडे ओढून आणते.

आता गाडीला हात लावायच्या आधी आरसी बुक काढा. अर्धे लोक इथेच अडकतात, आणि तेही सगळा खर्च झाल्यावर.

पहिलं बघायचं ते नंबर प्लेट पिवळी होती की पांढरी. मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आणि ते अकरा वर्षांपूर्वीच संपलेलं असणार. खासगी नोंद असेल तर पहिल्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षं, म्हणजे २००९ पर्यंत होती. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शिवाय थकलेला कर, दंड आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना लागणारा पर्यावरण कर. फीचे आकडे गेल्या काही वर्षांत वारंवार बदललेत, म्हणून ते जळगावच्या आरटीओतच विचारा. तुमची नोंद कागदी बुकातली आहे, ती ऑनलाइन दिसते का हेही बघा. दिसत नसेल तर ती आधी चढवून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा नियम आपल्याकडे नाही, त्याची भीती कुणी घातली तर ऐकू नका. कुणी 'व्हिंटेज म्हणून नोंदवून टाक' म्हणालं तर तेही सोडून द्या. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तुमच्या गाडीचा नंबर २०४४ मध्ये लागेल.

रंग बदलायचा विचार असेल तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. चेसिस लांबवणं, हौद्याची रचना बदलणं, भलतंच इंजिन बसवणं असल्या गोष्टींवर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल स्पष्ट आहे: कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. मूळ रंग, मूळ हौदा ठेवलात तर ही कटकटच नाही. आणि गावातला रस्ताही रस्ताच असतो, त्यामुळे आखाजीच्या चकरीसाठी विमा आणि पीयूसी हवंच.

मग चेसिस नंबर शोधा. आरसीतला नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळला पाहिजे. तिथे ग्राइंडर लावू नका. मी अशी गाडी पाहिलीय जिच्या मालकानं हौसेनं चेसिस घासून चकचकीत केली आणि नंबराचे तीन आकडे उडवले. पुढचं वर्ष त्याचं कचेरीत गेलं. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं त्या जागेवर रात्रभर ठेवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशनं हळूहळू पुसा. आकडे दिसायला लागले की कोरड्या कापडानं टिपून वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून घासा. छाप उमटला की त्याचा फोटो घ्या, मग त्या जागी ग्रीसचा हात फिरवा.

तिथेच आहात तर चेसिस ठोकून बघा. लहान हातोडी पुरे. चांगलं लोखंड 'टण' वाजतं, आतून खाल्लेलं 'थप' करतं. मागच्या पाट्यांचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, हँगर जिथे चेसिसला लागतात तिथे, हौद्याखालच्या मागच्या आडव्या पट्टीत, बॅटरीच्या पेटीखाली आणि केबिनच्या मागच्या दोन पायांशी नीट ठोका. तुमची गाडी केळीची आहे म्हणून हे जास्त सांगतोय. घडांखाली अंथरलेला पाला ओला राहतो, हौद्याच्या कोपऱ्यात साचतो आणि पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवतो. त्यावर कधी युरिया, डीएपीची फुटकी गोणी गेली असेल तर मग विचारायलाच नको. खताचा खार आणि ओल एकत्र आली की पत्रा पापडासारखा होतो. वरून हौदा बरा दिसतो, खाली हात घातला की पापुद्रे हातात येतात.

चेसिसवर दोन-चार ठिकाणी वरवरचा गंज असेल तर काळजी नको. पाट्याच्या हँगरपाशी भोक पडलं असेल तर ते घरच्या वेल्डिंगचं काम नाही. गंजावर पट्टी चिकटवून वेल्डिंग मारलं की आत गंज चालूच राहतो. आणि चेसिसच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा जोड मारला तर नेमकी तिथेच ती पुढे तडकते. ट्रकच्या बॉडीची कामं करणाऱ्याला दाखवा. तो म्हणाला की दोन्ही बाजूंचे हँगर गेलेत, तर दीड लाखात हे बसणार नाही. मग निर्णय तुमचा.

इंजिनाचं बघू. कुठलं ते आरसीवरच्या सीसीवरून कळेल. २११२ लिहिलं असेल तर ते प्युजोचं एक्सडीपी ४.९०, इगतपुरीला बनायचं ते. ४.९० म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास). २५२३ असेल तर डीआय (डायरेक्ट इंजेक्शन), इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, ८८.९ चा बोअर आणि १०१.६ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). म्हणजे सरळ साडेतीन इंच आणि चार इंच, त्यावरूनच त्याचं इंग्रजी-अमेरिकी मूळ कळतं. प्युजोला हीटर प्लग असतात आणि थंडीत त्यांच्यावाचून ते हलत नाही. प्युजो आवाजाला मऊ आणि पार्टला महाग, डीआय आवाजाला राकट पण आपल्याकडच्या कुठल्याही मेकॅनिकच्या हाताखालून गेलेलं. तुमचं डीआय निघावं अशी माझी इच्छा.

ते काहीही निघो, बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही. उभ्या इंजिनात एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. त्यातून अकरा पावसाळ्यांची ओल आत गेलेली असते आणि पिस्टनच्या रिंगा लाइनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजानं चिकटतात. जबरदस्तीनं फिरवलं की रिंग तुटते किंवा लाइनरवर ओरखडा पडतो. जे काम पाचशे रुपयांच्या तेलात झालं असतं त्याचं हाफ इंजिन होतं, म्हणजे निम्मं इंजिन खोलावं लागतं.

चारही नोजल, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्या, काढा. कुठलं नोजल कुठल्या सिलिंडरचं त्यावर चिठ्ठी बांधा आणि पाइपांची तोंडं स्वच्छ फडक्यानं बंद करा. प्रत्येक भोकातून अर्धी वाटी डिझेल आणि इंजिन ऑइल सारखं मिसळून ओता. वर कापड झाका, नाहीतर मातीची माशी घर करते. हसू नका, झालंय. चार दिवस हात लावू नका. तोपर्यंत खालचं जुनं ऑइल काढा. कॉफीसारखं दुधाळ निघालं तर पाणी आत गेलंय: हेड गॅस्केट, नाहीतर ब्लॉकला चीर. तळाशी तांबूस चमक दिसली तर बेअरिंग. नुसतं काळं निघालं तर देवाला नारळ फोडा.

चार दिवसांनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावा आणि हातानं फिरवून बघा. आधी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, अगदी थोडं, मग परत मागे. पान्यावर पाइप घालून लटकू नका. पहिल्यांदा बारीक 'कट' असा आवाज येतो आणि पुली बोटाच्या पेराएवढी सरकते. तो आवाज मी शेकड्यांनी ऐकलाय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. सरकली की रोज थोडी-थोडी पुढे-मागे करा, वरून तेल टाकत राहा. पूर्ण दोन फेरे मोकळे झाले की मगच सेल्फचा विचार. आठ-दहा दिवसांत अजिबात हललं नाही तर हेड उतरवावंच लागतं, आणि तिथून पुढे लेथवाल्याचं काम.

दरम्यान डिझेलची टाकी उतरवा. अकरा वर्षांच्या डिझेलला वार्निशसारखा वास येतो आणि तळाला गाळ असतो. टाकी धुवून घ्या, गळत असेल तर रेडिएटर-टाकीवाल्याकडे द्या, घरी वेल्डिंग मारू नका. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. नोजल आणि डिझेल पंप दोन्ही पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनला द्या. पंपातल्या प्लंजरची घडण इतकी बारीक असते की घरी उघडला तर तो संपलाच. यात पैसे वाचवायला जाऊ नका.

सगळं परत बसवलं, नवं ऑइल, नवे फिल्टर, पंपाची एअर काढली, मग आधी डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, ऑइल प्रेशर वर येऊ द्या. त्यानंतर सुरू करा. पहिली दहा मिनिटं पांढरा धूर सोडेल, ओतलेलं तेल जळतं ते. गरम झाल्यावर ऑइल ओतायचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर येत असेल तर बॅक कंप्रेशन आहे, म्हणजे रिंगा-लाइनर गेलेत. थोडी वाफ असेल तर तसंच चालवा. वडिलांना बसवून गावातून फिरायला आणि कधीमधी शेतात जायला फुल इंजिन बांधायची गरज नसते. ज्या मेकॅनिकला बघताक्षणीच 'इंजिन करून टाकू' म्हणायची सवय आहे, त्याच्यापासून सावध राहा. आमच्यातलेच आहेत, म्हणून सांगतो.

एक गोष्ट आपल्या भागाची. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घातलेलं असणार. आपल्याकडचं पाणी जड आहे, चुन्याचा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या आत बसतो. मग मे महिन्यात, भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गाडी तापते आणि लोक थर्मोस्टॅट (इंजिनाचं पाणी गरम झाल्यावरच सोडणारी झडप) काढून फेकतात. थर्मोस्टॅटचा काही दोष नसतो. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर त्याच्या टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून मिळतं. इंजिनावरची पाण्याची गोल बुचं टोकरून बघा, पातळ झाली असतील तर बदला. आणि पुन्हा कूलंटच घाला, नळाचं पाणी नको.

इंजिन फटफटलं की घरात पेढे वाटतात आणि पोरं लगेच गाडी शेतापर्यंत नेतात. इथे थांबा. सुरू होणारी पण न थांबणारी गाडी उभ्या गाडीपेक्षा वाईट. ब्रेक होईपर्यंत बॅटरीची वायर काढून ठेवा. खरंच काढा.

ब्रेकसाठी गाडी उचलावी लागेल. तुमच्याकडे काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात ती लोण्यासारखी होते. तिच्यावर जॅक लावून गाडीखाली झोपणं म्हणजे स्वतःची चिता स्वतःच रचणं. आधी जागा मुरूम टाकून धुम्मस करून घ्या, जॅक आणि घोड्यांखाली (गाडी टेकवायच्या लोखंडी तिवयांखाली) दोन इंच जाडीची बाभळीची फळी टाका. नुसत्या जॅकवर कधीच खाली जायचं नाही. विटांवर तर मुळीच नाही. वीट तडकायच्या आधी सांगत नाही.

ड्रम निघायला त्रास देतील. कडेनं लाकडी हातोडीनं गोल-गोल ठोकत राहा, मध्ये डिझेल सोडा. उघडल्यावर आतली धूळ तोंडानं फुंकू नका आणि हवेनंही उडवू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी मागे सरकवा. आत ओल दिसली तर तो गळतोय. पिस्टन अंगठ्यानं दाबून हलला नाही तर तो चिकटलाय. अकरा वर्षांनंतर माझा नियम साधा आहे: चारही व्हील सिलिंडर नवे, मास्टर सिलिंडर नवा, रबरी होस नवे. नुसतं किट टाकून भागवायचं नाही, कारण आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि नवं रबर त्यावर आठवड्यात फाटतं. पोलादी पाइप क्लिपांच्या खाली बघा, गंज तिथे लपतो.

ऑइल फक्त ब्रेकचंच, डब्यावर डॉट ३ लिहिलेलं, आणि सील नव्यानं फोडलेलं. उघड्या डब्यातलं हवेतली ओल ओढून घेतं. साक्रीकडच्या एका गिऱ्हाइकाच्या भाच्यानं टाकी रिकामी दिसली म्हणून गियर ऑइल ओतलं होतं. गाडी माझ्याकडे आली तेव्हा आतली सगळी रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती, चारही चाकं धरून बसलेली, ड्रम निळे पडलेले. थेंबभर चुकीचं तेल गेलं तरी मास्टरपासून चाकापर्यंत सगळं रबर बदलायचं. त्यानं विचारलं, नुसतं धुवून चालणार नाही का? नाही चालत.

त्याच वेळी चाक हातात धरून वर-खाली, डावी-उजवी हलवून बघा. वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा किंगपिन, आडवं हललं तर टाय रॉडचे टोक. पाट्यांचे बुश बदला, पानांच्या मधला गंज ब्रशनं काढून ग्रीस लावा. टायर नक्षी शाबूत असली तरी टाकून द्या. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, '२३१३' म्हणजे २०१३ चा तेविसावा आठवडा. उन्हात-सावलीत अकरा वर्षं एकाच जागी दबलेला टायर ५० च्या वेगाला फुटतो आणि तेव्हा त्याची नक्षी बघायला कुणी थांबत नाही.

वायरिंगवर फार लिहीत नाही. गोठ्याशेजारी उंदीर असतातच, त्यांनी वायरी खाल्लेल्या असणार. ठिगळं जोडत बसू नका, नवा हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) घ्या किंवा चांगल्या वायरमनकडून करून घ्या. हेडलाइटला रिले लावा, प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज, आणि इंजिन ते चेसिस ही अर्थिंगची जाड पट्टी नवी. जुन्या गाड्यांची निम्मी इलेक्ट्रिकल दुखणी त्या एका पट्टीनं बरी होतात.

आता पत्राकाम, म्हणजे तुम्हाला ज्याची घाई आहे त्याच्या अगदी जवळ आलो. हौद्याचा तळ गेला असेल तर गावातला वेल्डर चेकर्ड प्लेट टाकायचा सल्ला देईल, मजबूत म्हणून. हिशेब करा. लोखंडी पत्रा दर मिलिमीटर जाडीला, दर चौरस मीटरला साधारण पावणेआठ किलो भरतो. आठ फूट बाय पाच फुटांचा हौदा म्हणजे पावणेचार चौरस मीटरच्या आसपास. दोन मिलिमीटरचा पत्रा साठ किलोच्या जवळपास होतो, चार मिलिमीटरची चेकर्ड प्लेट सव्वाशेच्या घरात. एक माणूस कायमचा हौद्यात बसवून फिरल्यासारखं. मूळ जाडीचाच पत्रा टाका, कोपऱ्यांत पाणी जायला भोकं ठेवा आणि बसवायच्या आधी खालच्या बाजूला प्रायमर मारा, नंतर तिथे हात जात नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि डायनॅमोच्या वायरी काढायच्या. फाळक्याच्या बिजागऱ्या मूळच्या असतील तर फेकू नका, त्या सरळ करून घेता येतात.

गंज काढायला ग्राइंडरला तारेचा ब्रश लावाल तेव्हा चष्मा घाला. माझ्या गालात एकदा तार घुसली होती, डोळ्यापासून दोन बोटांवर.

लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुटी, कमी वापरा. दोन-तीन मिलिमीटरच्या वर लांबीचा थर गेला म्हणजे पत्रा नीट ठोकला गेलेला नाही. लांबी स्पंजसारखं पाणी पिते आणि तिच्याखाली गंज फुलतो, म्हणून उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग लांबी. नुसत्या रेड ऑक्साइडवर विसंबू नका. आणि जेवढा पत्रा सकाळी उघडा केला तेवढ्याला संध्याकाळपर्यंत प्रायमर गेलाच पाहिजे. पावसाळ्यात तर रात्रीत तांबूस सायीसारखा गंज येतो.

मग रंग. पोळ्याला बैलाची शिंगं आधी रंगवली आणि नंतर त्याला नदीवर नेलं तर काय होईल? तसं होऊ नये म्हणून हा प्रश्न शेवटी ठेवला. कंपनी कुठलीही नावाजलेली घ्या, फरक प्रकारात आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त, घरी मारायला सोपा, चुकलं तर घासून परत मारता येतो. पण ओलसर हवेत पांढरट पडतो आणि तीन-चार उन्हाळ्यांत फिका होतो. पीयू (पॉलियुरेथेन) टिकतो, चकाकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साध्या कापडी मास्कनं ते अडत नाही, दमा कायमचा मागे लागू शकतो. घरच्या शेडमध्ये, शेजारी गुरं आणि लहान मुलं असताना पीयू मारू नका. माझा सल्ला: आतला भाग, हौदा, चेसिस स्वतः करा, केबिनचा बाहेरचा पीयू पेंटरच्या बूथमध्ये मारून घ्या. गाडी चाकांवर आणि चालू स्थितीत आहे, त्यामुळे तिथपर्यंत न्यायला ती टेम्पोवर सहज चढते; कागद व्हायच्या आधी रस्त्यावर चालवत नेऊ नका.

वेळ जानेवारी-फेब्रुवारीची साधा. एप्रिलमध्ये पत्रा इतका तापतो की थिनर हवेतच उडतं आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो, वर उन्हाळी वाऱ्याची धूळ. सकाळी लवकर, खाली जमिनीवर पाणी शिंपडून.

पैशांचं. तुम्हाला नक्की आकडा देणं खोटेपणा होईल, चेसिस आणि इंजिन बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही. सगळं चांगलं निघालं तर दीड लाखात ओढाताणीनं का होईना बसू शकतं. इंजिन खोलावं लागलं तर नाही बसणार. त्यातले पन्नास हजार पहिल्या दिवशीच बाजूला काढून पत्नीकडे द्या आणि विसरून जा; ते ब्रेक-टायर आणि कागदांचे. उरलेल्यात जे बसेल ते करा. सीटचं कव्हर, स्टीलचे बंपर, डीजे, सगळं नंतर.

आता पोळा झालाय. दसऱ्यापर्यंत कागद, चेसिसची तपासणी आणि इंजिन मोकळं करणं. दिवाळीपर्यंत पंप-नोजल आणि इंजिन सुरू. तिथून संक्रांतीपर्यंत ब्रेक, स्टिअरिंग, पाटे आणि हौद्याचं पत्राकाम. मग रंग. शिमग्यापर्यंत वायरिंग आणि काचांची रबरं. त्यानंतर आरटीओ. तुमच्या तारखेला ते नाही म्हणाले तरी हातात महिना उरला पाहिजे. पहिली चाचणी रिकाम्या गाडीनं, सपाट रस्त्यावर, पहाटे. मी लळिंगच्या घाटात ब्रेक पाहिल्याशिवाय कुणाला गाडी देत नाही, पण तो माझ्या दारातला घाट आहे. तुम्ही सातपुड्यातल्या पालच्या रस्त्याला लागायच्या आधी निदान शंभर किलोमीटर सपाटीवर चालवा आणि रोज चाकांच्या आतून तेलाचे ओघळ आहेत का ते बघा.

आणखी एक. तुम्ही लिहिलंत की केबिनच्या कपाळावर वडिलांनी तेव्हा पेंटरकडून 'सप्तशृंगी कृपा' लिहून घेतलंय आणि अक्षरं अजून दिसतात. घासायच्या आधी त्यावर बटर पेपर चिकटवा आणि अक्षरांची कड पेन्सिलनं उतरवून घ्या. रुंदी, उंची, काचेपासूनचं अंतर मोजून कागदावरच लिहा. जुना पेंटर हयात असेल तर त्यालाच शोधा, नसेल तर हा कागद दुसऱ्याला द्या. स्टिकर नको.

आरसीवरचा सीसीचा आकडा आणि काढलेल्या ऑइलचा रंग कळवा, मग इंजिनाचं पुढचं बोलू.